विचारणारी ताई

आज एका नव्या नावाबद्दल बोलू या. नाव इंग्रजी आहे, पण काम तुमच्या चांगल्या ओळखीचं आहे.

गेल्या काही महिन्यांत आम्हा समन्वयक ताईंना गावोगावी एकच प्रश्न येतोय. कॉलेजात जाणाऱ्या मुली विचारतात, "ताई, लाईफ कोच म्हणजे काय हो? मोबाईलवर जाहिरात येते, इतक्या दिवसांत कोर्स करा, लाईफ कोच व्हा." गटातल्या दोघी-तिघींनीही विचारलं, की आपल्याला जमेल का असं काही? मग आम्ही ठरवलं, की यावर नीटच बोलावं.

कोच हा शब्द आपल्याला कबड्डीमुळे माहीत आहे. कोच रेषेच्या बाहेर उभा असतो. चढाईला जायचं ते खेळाडूने. दम तिचा, पाय तिचे, पकडली गेली तर बादही तीच होणार. कोच तिचा खेळ बारकाईने बघतो, तिला चार प्रश्न विचारतो, सराव करून घेतो. पण तो स्वतः मैदानात घुसला तर पंच शिट्टी वाजवतील. लाईफ कोचचं काम असंच, फक्त खेळाऐवजी माणसाच्या रोजच्या जगण्यातलं. एखादी बाई अडचणीत असेल, किंवा तिला काही नवीन करायचं असेल आणि वाट दिसत नसेल, तर तिच्याशी अशा पद्धतीने बोलायचं की वाट तिची तिला दिसावी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्या देशात लाईफ कोच म्हणवून घ्यायला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. डॉक्टरला नोंदणी लागते, मनाच्या आजारांवर काम करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टलाही लागते, इथे तसं काही नाही. त्यामुळे या कामात मनापासून करणारे लोक आहेत, तसेच भरपूर फी घेऊन दोन दिवसांत प्रमाणपत्र हातात ठेवणारेही आहेत. म्हणून पोरींनो, कर्ज काढून असा कोर्स करू नका. जे शिकायचं ते आधी काय आहे ते तर बघा.

आणि काम तर जुनंच आहे. पूर्वी पहाटे जात्यावर दोघी बसायच्या. एकीच्या मनातलं ओवीतून बाहेर यायचं आणि दुसरी खुंटा धरून ऐकत असायची. आता जातं गेलं, गिरणी आली. ऐकणारी मात्र अजून लागतेच. आज गावात सीआरपी आहे, सहयोगिनी आहे, आशाताई आहे, अंगणवाडीताई आहे. हप्ता गोळा करता करता, वजनाचा काटा लावता लावता बायका तिच्याजवळ मन मोकळं करतात. तिने ते कसं ऐकावं, हे मात्र तिला फारसं कोणी शिकवत नाही.

साध्या, कमी शिकलेल्या बायकांना हे शिकता येतं का? येतं. याचा पुरावा लांबच्या देशातला आहे, पण ऐकलात तर आपल्याच गावचा वाटेल.

आफ्रिकेत झिम्बाब्वे नावाचा देश आहे. तिथे डॉ. डिक्सन चिबांडा हे मानसोपचारतज्ज्ञ आहेत. त्या काळी सगळ्या देशात असे डॉक्टर मोजून डझनभर असतील. त्यांची एक तरुण पेशंट उपचाराला यायची होती, पण बसभाड्याला घरात पैसे नव्हते. ती आली नाही, आणि पुढे तिने जीव दिला. डॉक्टरांनी ही गोष्ट जाहीरपणे सांगितलेली आहे. लोक दवाखान्यापर्यंत येऊ शकत नसतील तर आपण वस्तीत जायला हवं, असं त्यांनी ठरवलं. पण जाणार कोण? डॉक्टर नाहीत, नर्सना सवड नाही. राजधानी हरारेतल्या म्बारे या वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या १४ आज्या होत्या, त्या तेवढ्या तयार झाल्या. २००६ सालची ही गोष्ट. दवाखान्याच्या अंगणात झाडाखाली लाकडी बाकडं ठेवलं, त्यावर आजी बसायची आणि शेजारी येणारी बाई.

सुरुवातीला त्या बाकड्याच्या नावात मानसिक आरोग्य असे शब्द होते. कोणी फिरकेना. आज्याच म्हणाल्या, अशा नावाच्या बाकड्यावर कोण बसेल? मग नाव झालं मैत्रीचं बाकडं, इंग्रजीत फ्रेंडशिप बेंच. आजाराचं डॉक्टरी नावही आज्यांनी बाजूला ठेवलं. त्यांच्या शोना भाषेत एक शब्द आहे, कुफुंगिसिसा, म्हणजे फार विचार करणं. आपल्याकडे बाई म्हणते ना, "डोक्यात नुसता भुंगा लागलाय", "रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, लई विचार येतात", तेच ते. आज्यांची बोलण्याची रीतही साधी होती. आधी मन उघडू द्यायचं, मग उभारी द्यायची, मग बळ द्यायचं. सगळ्या अडचणी बाहेर आल्या की त्यातली एक बाईने स्वतः निवडायची आणि तिच्यावर काय करता येईल हेही तिनेच शोधायचं.

पुढे ५७३ जणांना घेऊन याची रीतसर तपासणी झाली आणि २०१६ साली निकाल छापून आला. सहा महिन्यांनी पाहिलं, तर बाकड्यावर बसून गेलेल्यांपैकी शंभरात साधारण १४ जणांना उदासीची लक्षणं उरली होती. दवाखान्याची नेहमीची सेवा मिळालेल्यांमध्ये शंभरात ५०. आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. बाकड्यावरून उठलेल्या बाया नंतर एकत्र जमू लागल्या, जुन्या प्लास्टिकच्या पट्ट्यांपासून क्रोशाच्या पिशव्या विणून विकू लागल्या. त्या जमण्याच्या नावाचा अर्थ आहे एकमेकींचे हात धरणं. आपल्या बचत गटाचीच ती बहीण म्हणायची.

आपल्या जवळही अशी कामं झाली आहेत. गोव्यात 'संगत' या संस्थेने डॉक्टरकी न शिकलेल्या माणसांना तयार करून प्राथमिक आरोग्य केंद्रांत उदास लोकांशी बोलायला बसवलं. नाशिक जिल्ह्यातल्या गावांत 'आत्मीयता' नावाच्या कामात गावातल्याच स्वयंसेवकांनी हे केलं. म्हणजे पदवी नसली तरी चालतं, पण शिकणं आणि सराव हवाच.

मग शिकायचं काय? सगळ्यात अवघड आहे गप्प बसणं. आपण बायका मायेच्या. समोरचीच्या डोळ्यात पाणी आलं की आपल्या तोंडून लगेच निघतं, "होतं गं सगळ्यांचंच असं", "देव बघून घेईल", "माझं ऐकलंस तर तुझं काहीच नाही". बोलणारीला वाटतं, हिने विषय मिटवला. त्यापेक्षा ती थांबली की आपणही थांबावं. मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. चहा ठेवायला उठू नये, मोबाईल बघू नये. त्या दहा आकड्यांतच बहुतेक वेळा खरं दुखणं बाहेर येतं. जागाही बघावी. नळावर, बैठकीत, सासूच्या समोर असं बोलणं होत नाही. शेताच्या बांधावर किंवा शाळा सुटल्यावर ओट्यावर होतं.

दुसरं म्हणजे विचारणं. यात 'का' हा शब्द जपून वापरावा. "का नाही सांगितलंस आधी?" "का घेतलंस एवढं कर्ज?" हे प्रश्न चौकीत बसून विचारल्यासारखे वाटतात आणि बाई सफाई देत बसते. त्याऐवजी "काय झालं?", "कसं चाललंय?", "मग तुम्ही काय केलंत?", "आजवर यातून कशा निभावल्यात?" असं विचारलं तर ती सांगू लागते. शेवटचा प्रश्न तर आमचा आवडता. आपण इतके दिवस निभावलं आहे, हे बाईला बरेचदा तो प्रश्न ऐकून पहिल्यांदा कळतं.

एक उदाहरण सांगतो. त्या ताईंना विचारून सांगतोय, आणि गाव, आकडे बदललेले आहेत. गटातल्या एक सदस्य तीन बैठकांना आल्या नाहीत. बाकीच्या म्हणू लागल्या, हप्ता बुडवणार ही. आमच्यातली एक समन्वयक त्यांच्या घरी गेली. हप्त्याचं नाव काढलं नाही. म्हणाली, "ताई, तुम्ही दिसत नाही, म्हणून आले. काय चाललंय?" आधी "काही नाही, अंग दुखतं" झालं. मग बराच वेळ काहीच नाही. मग एकदम, "जीव नकोसा झालाय."

तेव्हा आमच्या समन्वयकने आधी एकच स्पष्ट विचारलं, "ताई, जीव द्यावासा वाटतो का?" त्या म्हणाल्या, "तसं नाही हो, पोरं आहेत. पण झोप नाही." असं विचारायला बायका घाबरतात, की आपण विचारलं तर तिच्या डोक्यात यायचं. तसं होत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून जडपणा हलका होतो. यावर पुढे आणखी बोलू.

मग गोष्ट बाहेर आली. गटाचं कर्ज होतंच, त्यावर दोन खासगी फायनान्सची, आणि घरधन्याला त्यातलं एकच माहीत. समन्वयकने चिंचोके मागितले. एक चिंचोका म्हणजे शंभर रुपये. "आठवड्याची मजुरी किती येते?" ३०० रुपये रोजाने चार दिवस, बारा चिंचोके. "आता हप्ते ठेवा." एका फायनान्सचे आठवड्याला सहा, दुसऱ्याचे पाच, गटाचा महिन्याचा हप्ता १,६०० म्हणजे आठवड्याला चार. झाले पंधरा. बारा चिंचोक्यांची रास एकीकडे, पंधराची जागा दुसरीकडे, आणि अजून घरात तेल-मीठही आलेलं नाही. ताई त्या राशीकडे बघत राहिल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे दुसरं कर्ज मी पहिल्याचे हप्ते भरायलाच घेतलं की."

हे वाक्य समन्वयक पहिल्या पाच मिनिटांत बोलू शकली असती. ती बोलली असती तर तो टोमणा झाला असता.

मग तिने ऐकलेलं परत सांगितलं, "हप्त्यापेक्षा घरात कळेल याची भीती तुम्हाला जास्त आहे, असं मी समजले. बरोबर का?" हेही एक कसब आहे. आपण समजलो ते बरोबर की चूक, हे बोलणारीकडूनच तपासून घ्यायचं. ताई म्हणाल्या, हो, तेच. मग आधी काय करावंसं वाटतं? त्यांनी निवडलं, की घरधन्याला सांगायचं, पण एकट्याने नाही, थोरली नणंद गावात आहे तिला बसवून. कधी? रविवारी. त्याआधी काय हवं? हप्त्यांची कार्डं आणि पासबुक एका पिशवीत. एवढंच ठरलं त्या दिवशी. पाऊल लहान असावं आणि त्याला वार असावा. "बघते काहीतरी" याला पाऊल म्हणत नाहीत. सोमवारी समन्वयक परत गेली, कारण परत न जाणारी ताई ही नुसती पाहुणी.

आता तुम्ही म्हणाल, मग आपल्याला माहीत असलेलं काहीच सांगायचं नाही का? सांगायचं. माहिती आणि सल्ला यांत फरक आहे. आधी विचारायचं, "मला याबद्दल थोडं माहीत आहे, सांगू का?" मग सांगायचं, आणि मग परत विचारायचं, "यातलं तुम्हाला काय उपयोगाचं वाटतं?" त्या ताईंना दोन गोष्टी सांगितल्या. गटाच्या अंतर्गत कर्जाचा हप्ता बैठकीत ठराव करून लहान करता येतो, मुदत वाढवता येते. दुसरं, रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला मायक्रोफायनान्सचं कर्ज देताना घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. वसुलीसाठी धमकी, शिवीगाळ करता येत नाही आणि सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. यातलं काय वापरायचं ते ताईंनी ठरवलं. त्यांनी आधी गटात तोंड उघडलं. फायनान्सच्या माणसाशी बोलणं नंतर, नणंदेला सोबत घेऊन.

स्वतःच्या पदरचे पैसे देऊ नयेत, हे जाता जाता सांगतो. दिलेत तर तुम्ही सावकार झालात, मग ती तुम्हालाही टाळू लागेल.

आता पोटात ठेवण्याबद्दल. शहरातला कोच आणि त्याच्याकडे येणारी बाई पुन्हा भेटतीलच असं नाही. आपल्याकडे दोघी रोज एकाच रस्त्याने जातात. नाव न घेता "ती वरच्या आळीतली, दोन मुलांची" एवढं म्हटलं तरी सगळ्या गावाला कळतं. म्हणून नाव न घेता सांगणं हेही सांगणंच. ठरावाच्या वहीत लिहू नका, फोनमध्ये आवाज भरून ठेवू नका, घरी नवऱ्यालाही सांगू नका. तिची सासू विचारील, "काय बोलत होती गं?" त्याला उत्तर तयार ठेवा, "मावशी, ते तिलाच विचारा."

पण काही गोष्टी पोटात ठेवता येत नाहीत, आणि हे पहिल्याच भेटीत सांगावं. तिच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, तर आपण मदत बोलावणार. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ हा फोनही आहे.

आणि आपली रेषा कुठे संपते, हे ओळखणं. जीव द्यावासा वाटतो असं उत्तर आलं, तर तिला एकटी सोडू नका. घरातलं फवारणीचं औषध बाहेर काढून दुसऱ्याकडे कुलपात ठेवायला लावा. १४४१६ हा टेलिमानसचा फोन २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. तिथूनच लावा, तिच्या शेजारी बसून. मग ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात सोबत जा. बाई दिवसच्या दिवस अंथरुणातून उठत नसेल, कानात आवाज ऐकू येतात म्हणत असेल, बाळंतपणानंतर बाळाकडे बघत नसेल, तर हे कोचचं काम नव्हे, डॉक्टरचं आहे. अंगात आलंय म्हणून ते टाळू नका.

मारहाणीच्या बाबतीत आम्ही फार कडक आहोत. नवरा मारतो म्हणून सांगणाऱ्या बाईला "तुला काय वाटतं, तुझं काय चुकलं?" असं विचारायचं नाही. दोघांना समोरासमोर बसवून तडजोड करायलाही जायचं नाही, त्या रात्री घरी तिला दुप्पट मार पडतो. त्या घडीला ११२, बाकी वेळी १८१. जिल्ह्याला सखी वन स्टॉप सेंटर आहे, २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी आहेत, मोफत वकिलासाठी १५१०० आहे. कधी जायचं, कुठे जायचं हे तिलाच ठरवू द्या, पण हे नंबर तिला पाठ असू द्या.

हरारेच्या आज्यांनाही एकटं सोडलेलं नव्हतं. अवघड वाटलं की वरच्या माणसाला विचारायची सोय होती. आपल्यातही तशी हवी. आम्ही समन्वयक महिन्यातून एकदा बसतो, नावगाव न घेता फक्त आपापली अडचण मांडतो, "मला तिथे गप्प बसवेना", "मला रात्री झोप लागली नाही". ज्या ताईला दहा जणी ऐकवतात, तिलाही ऐकणारी एक लागतेच. आणि एका दिवशी दोनपेक्षा जास्त जणींचं ऐकायला जाऊ नका, तिसरीच्या वेळी कान असतो पण मन नसतं.

ज्यांना हे करून बघायचं आहे, त्यांनी पुढच्या बैठकीत वसुली झाल्यावर अर्धा तास काढा. दोघी-दोघींच्या जोड्या करा, शक्यतो जावाजावा किंवा शेजारणी एकत्र नकोत. एकीने पाच मिनिटं आपली एखादी छोटी अडचण सांगायची, म्हशीचं दूध कमी झालं, पोरगा अभ्यास करत नाही, अशी. मोठं दुःख या खेळात आणायचं नाही. दुसरीने फक्त ऐकायचं आणि प्रश्न विचारायचे. 'का' नाही, "असं कर" नाही. तिसऱ्या मिनिटाला ऐकणारीच्या जिभेवर सल्ला येतोच, तेव्हा सगळ्याजणी हसतात. मग अदलाबदल करायची. शेवटी सांगणारीने सांगायचं, कुठल्या प्रश्नाने तिला पुढे बोलावंसं वाटलं आणि कुठल्याने तोंड मिटलं. ते प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकान्यांत लिहून ठेवा, नावं न लिहिता. दोन-तीन बैठकींनंतर ते पान आमच्याकडे पाठवा. कुठल्या गावात कुठला प्रश्न चालतो, ते पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवू.